न दबलेली जीप

काल मुलाने नव्या गाडीला ट्रॉली जोडली. गाडी मागून दबली आणि घुं घुं करत मागच्या स्प्रिंगांत हवा भरून आपोआप वर आली. मला ती न दबलेली जुनी जीप आठवली.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत नेरकडून एक अनोळखी माणूस जीपमागच्या ट्रॉलीत पेरणीची सरकी घेऊन आला होता. आदल्या साली बोगस बियाण्याने गाव पोळलं होतं. भरल्या बैलगाडीचं जू बैलाच्या मानेवर दबतं. त्याची जीप मात्र मागून जराही दबलेली नव्हती.

"पोत्यात भुसा हाय," मीच ओरडलो. "नाही तं जीप काहून नाही दबली?"

"उघडून पाहा ना, भाऊ," तो म्हणाला.

कोणीच उघडलं नाही. तो गेला. ओल्या काळ्या मातीत ट्रॉलीच्या चाकांच्या वीतभर खोल चाकोऱ्या उरल्या होत्या. मी त्या पाहिल्या आणि पायाने बुजवल्या.