धुतलेला जांभा

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी विद्यार्थ्यांना घेऊन कोकणातल्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर उभी होते, हातात जांभ्याचा लाल दगड. सासऱ्यांची ती बातमी ऐकायला याहून योग्य जागा मला मिळाली नसती... कारण त्या सड्यावर मला परत नेऊन उभं केलं ते आबांनीच.

तासगावच्या या द्राक्षबागायतदारांच्या घरात मी आले ती भूगर्भशास्त्राचा प्रबंध अर्धवट टाकून. आबांनी तो पुन्हा हाती घ्यायला लावला आणि बेदाण्याच्या पिकअपमधून मला नमुने आणायला समुद्रकाठी नेलं. वाटेत मी त्यांना जांभा समजावला. लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन खडक कुजतो, विरघळणारं ते वाहून जातं, लोह मागे उरतं आणि त्याचा कडक थर बनतो. आबांनी मन लावून ऐकलं. आणि दगड तपासणीला पाठवायला चार दिवस उरले असताना सगळे स्वच्छ धुऊन बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवर वाळत घातले! दगडांच्या भोकांतली पिवळी माती, जी मला तपासायची होती, ती पाण्याबरोबर गेली. मी रडले, चांगली भांडलेसुद्धा.

"सायबाफुडं मळकी दगडं कशी न्यायची, म्हनून धुतली गं," आबा ओशाळले. मग लगेच म्हणाले, "रडू नगंस पोरी. उद्या परत जाऊ. कातळ काय पळून जातुय व्हय?"

दुसऱ्या दिवशी समुद्राकाठच्या जांभ्याच्या कड्याखाली मी त्यांना दाखवलं. लाटा खालची मऊ माती खातात, मग आधार सुटून वरचा कडक थर कोसळतो. "आपल्या घरागत हाय की," आबा म्हणाले. "वर मी टणक, आन् समदा भार खाली तुमा बायांवर." असं तोंडानं कबूल करणारा दुसरा सासरा मी पाहिला नाही. प्रबंध पुरा झाला, सांगलीच्या कॉलेजात नोकरी लागली. त्यांचे उपकार कसे फेडणार?

धुतलेला एक दगड आबांनी देव्हाऱ्यात ठेवला. भोकांत उदबत्त्या छान बसायच्या. "सायबाला न्हाई, देवाला तरी उपेगी पडला," म्हणायचे.

आता तो त्यांच्या फोटोपुढे असतो. महिन्याभरात भोकं राखेनं भरत आलीत. परवा सासूबाईंनी तो उचलला. "लय घान झालाय. धुऊन आनू का गं?"

"नको, आत्याबाई," मी म्हणाले. "या खेपेला राहू द्या तसाच."