नवसाची घागर

परातीत भाकरी अर्धी थापून झाली होती आणि गौरम्माचा डावा हात गेला. दुखला असं नाही, नुसता गेला. उजवा हात थापतोय, डाव्यानं कड सांभाळायची, तर अंगठ्याला अन् शेजारच्या बोटांना पीठ लागलेलंच कळेना. कड फाटली.

"भाकर करायलीस की भिंगरी?" चुलीपाशी बसलेल्या सासूबाई, नागम्मा, म्हणाल्या. "मन कुठं हाय तुझं?"

"इथंच हाय, अत्ती," म्हणून तिनं पीठ पुन्हा गोळा केलं.

खरं कारण तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. उदगीरच्या त्या लिंगायत घरात रोज आंघोळीनंतर गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा व्हायची. लग्नाआधीपासूनचा तिचा नेम. पौषात एका सकाळी लिंग तळहातावरच डगमगलं. पडलं नाही, गौरम्मानं उजव्या हातानं सावरलं. लिंग हातातून पडणं म्हणजे केवढा मोठा दोष, हे त्यांच्यात पोरासोरांनाही कळतं. आपल्या हातून पूजेत काहीतरी चूक झाली, म्हणून हात फितूर झाला, असं तिनं धरलं आणि नवस बोलली: माझा हात नीट होईस्तोवर रोज एक घागर मठातल्या महादेवाला.

ते दुष्काळाचं साल. लातूर जिल्हा नवा झालेला. लोक म्हणत, "जिल्हा जवळ आला बघा, पाणी तेवढं लांब गेलं." विहीर गावाबाहेर. मठात अभिषेकाला चमचाभर पाणी उरलेलं. घरच्या घागरी आणून झाल्या की गौरम्मा नवसाची घागर डोक्यावर घ्यायची आणि मठाचा चढ चढायची. मान आखडली. मुंग्या खांद्यापासून बोटापर्यंत उतरल्या. हात सुधारायचा तर जास्तच सुन्न झाला. देव परीक्षा बघतोय, असं म्हणून तिनं लहान घागर ठेवून दिली आणि तांब्याची मोठी काढली.

शेवटी भरलेलं ताट हातातून निसटलं, ते नवऱ्याच्या पुढ्यात. संगप्पांचं किराणा दुकान. माणूस बोलायला कमी. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तिला लातूरच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

मानेचा फोटो काढायचा म्हणून तिथला माणूस म्हणाला, "गळ्यातलं सगळं काढा."

"मंगळसूत्र काढते. लिंग अंगावरनं न्हाई निघत."

"अहो बाई, फोटोत येतंय ते!"

संगप्पांनी पुढं होऊन लिंगाचा दोरा तिच्या उजव्या दंडाला बांधला. तिचा मोकळा गळा दिसला तशी मात्र त्यांनी मान फिरवली.

फोटो उजेडासमोर धरून डॉक्टरांनी बोट ठेवलं. "हे बघा, मानेत सात मणके. दोन मणक्यांच्या मधे गादी असते." गौरम्माला ते ज्वारीच्या धाटाच्या पेरांसारखं दिसलं. "या मणक्यांच्या फटीतून शिरा निघतात, खांद्यावरून थेट बोटांपर्यंत जातात. मानेला पुढं थोडा बाक असतो, तो तुमचा सरळ झालाय. खालची गादी चेपलीय, तिनं शीर दाबलीय. दुखणं हातात नाही, मानेत आहे. डोक्यावर काय उचलता?"

"पाणी."

"आजपासून बंद. नाहीतर हात वाळत जाईल."

"कोणता हात?"

"डावाच की."

येताना एसटीत तिच्या गळ्याला पांढरा पट्टा होता. खाली बघता येईना, मागं वळता येईना. गल्लीत शिरताच शेजारची शिवम्मा हसली, "गौरक्का, जू घातलं वाटतं! आता नांगरालाच जा."

घरी नागम्मांनी सगळं ऐकून घेतलं. "घरचं पाणी संगू सायकलवर आणील. पन देवाला घागर बोललीस ना?"

"पाणक्या लावतो," संगप्पा म्हणाले.

"नवस पाणक्यानं फेडायचा? उद्या उपास बी त्यालाच सांग!"

गौरम्मा भिंतीला टेकून बसली. घागर उचलावी तर हात जाणार, नाही उचलावी तर शब्द जाणार. पट्ट्यात मान अडकली होती तशी ती दोन्हीकडून अडकली होती. रात्री कूससुद्धा बदलता आली नाही.

सकाळी पूजेला बसली तर तळहात दिसेना. मान वाकत नव्हती, म्हणून तिनं हातच डोळ्यांसमोर उचलला. कोपर थरथरलं, लिंग कडेला सरकलं. उजव्या हातानं तिनं ते छातीशी दाबून धरलं आणि तशीच रडायला लागली.

नागम्मा देवघराच्या दारात उभ्या होत्या. "हे कधीपासनं?"

"पौषापासनं. म्हणूनच तर घागर बोलले, अत्ती. मला वाटलं, पूजेत चूक झाली."

"अन् मोठी घागर काढलीस ती ह्याच्यापायी?"

"व्हय."

म्हातारी खाली बसली. लिंगाचा दोरा तिनं सुनेच्या गळ्यात नीट केला, पट्ट्याखालून ओढून. "अगं येडे, मला बोलायचं न्हाई? मी काय वाघीण हाय?" मग गाठ आवळत म्हणाली, "थोडी हाय म्हणा. पन नवस मी सोडवू शकत न्हाई. तो मठातल्या स्वामींचा हक्क. अन् तुझ्या तोंडानं तूच सांग, मी येऊन बोलणार न्हाई."

"अन् न्हाई म्हणाले तर?"

नागम्मांनी पितळी तांब्या भरून तिच्या उजव्या हातात दिला.

गौरम्मानं पदर पट्ट्यावरून घेतला, चपला पायानंच चाचपून घातल्या. मठात जाऊन स्वामींना विचारायचं होतं, की हातासाठी बोललेल्या घागरीनं हातच जात असेल, तर रोजचा एक तांब्या चालेल का.