आत्याची अकरा कासवं

आत्या पाण्यात लेंड्या कालवत होती. उघड्या हातानं. मी दारातच थबकले.

"बघत काय राहिलीस? दार लाव. साहेब आला तर माझी सालटी काढेल."

हात धुतल्याशिवाय मला पाण्याच्या घोटालाही शिवू न देणारी ही बाई, आणि आज हिचेच हात कोपरापर्यंत बरबटलेले.

आत्या कासवं वाढवायच्या केंद्रात अठरा वर्षं होती. अंड्यातून निघालेली पिल्लं मोठी करायची, मग ती रानात सोडायची. टाक्या इतक्या घासायची की सगळे तिला ब्रशबाई म्हणायचे. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा घरच्यांनी हात झटकले, आत्यानं नाही. त्यामुळे तिला कोणी नावं ठेवली की माझं डोकंच फिरतं.

सोडलेली कासवं मरत होती. दोन वर्षांत साठ सोडली, चार उरली. शेवटी केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी एक मेलेलं फाडून बघितलं. पोट गवतानं गच्च, आणि कासव उपाशी मेलेलं. गवत पचवणारे जंतूच पोटात नाहीत, म्हणाल्या. रानातली पिल्लं मोठ्यांच्या लेंड्या खातात, त्यातून ते जंतू मिळतात.

"आणि मी टाकीत एक लेंडी टिकू दिली नाही," आत्या म्हणाली. "मीच मारली गं."

"तुला सांगितलं तेच केलंस ना!"

"सांगणाऱ्याचं काय जातं? हात माझे होते."

केंद्रात एक लंगडी कासवीण होती, रानातून आणलेली, गाडीखाली पाय गेलेली. तिच्या लेंड्या कालवून ते पाणी आत्या गवतावर शिंपडायची. फक्त कोपऱ्यातल्या टाकीला. तिथे अकरा कासवं होती.

दीड महिन्यानं साहेबानं पकडलंच. "रोग पसरवायचाय का, ब्रशबाई?"

"साहेब, त्यांची लेंडी तरी बघा. गवत पचतंय."

"तू कधीपासून डॉक्टर झालीस?"

डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. त्यांनी वहीत डोकं खुपसलं. आत्याला त्याच दिवशी काढलं. मी ती लेंड्यांच्या पाण्याची बादली साहेबाच्या टेबलावर उपडी करणार होते, पण आत्यानं मनगट धरलं. "आधी त्यांना रानात जाऊ दे. मग घाल काय गोंधळ घालायचा तो."

महिन्याभरात कासवं टेकडीवर सोडल्याचं कळलं. मग गुडघे धरून का होईना, आत्या रोज सकाळी टेकडी चढायची. मी कामावरची पाळी बदलून घेतली आणि तिच्यासोबत जायला लागले. प्रत्येक टाकीची खूण कासवाच्या पाठीच्या कडेला कापलेली असते. तिच्या अकरांची शेपटीजवळ. झुडपात मेलेलं कासव दिसलं की ती बोटानं कड चाचपायची.

"कोपऱ्यातलं नाही," म्हणायची, आणि तरी रडायची. तीही तिनंच वाढवलेली.

एकोणीस सापडली. कोपऱ्यातलं एकही नाही.

"माझी जगली बघ! आता साहेबाला ऐकावं लागेल." तिनं सांगितलं, मी वेड्यावाकड्या अक्षरात पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. त्या हिवाळ्यात छातीत कफ होऊन आत्या गेली. पण समाधानात गेली.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाई बाजारात दिसल्या. मी वाटच अडवली. खाली बघत त्यांनी सांगितलं, ती अकरा रानात सोडलीच नव्हती, टाकीतच मेली होती. आत्याला काढलं त्याच आठवड्यात साहेबानं त्या अकरांना जंतू मारायचं औषध पाजायला लावलं, आणि पाजलं होतं ते डॉक्टरीणबाईंनीच.