अर्थिंगला घातलेलं तांब्याभर पाणी

आमच्या घरी रेडिओला पाणी मिळालं. विश्वनाथला मिळालं नाही.

तो विश्वनाथ आज सकाळी वारला. सास्तूरला, लेकीच्या घरी.

लोहाऱ्याच्या शाळेत आम्ही एका वर्गात होतो. दोघांनाही रेडिओचं वेड. सेट माझ्या घरात, डोकं त्याचं.

ब्लूटूथवाल्या पोरांसाठी सांगतो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला दोन वायरी लागायच्या. एक एरियलची, छपरावर. दुसरी अर्थिंगची, जमिनीत पुरलेल्या सळईला.

सळईभोवतीची माती ओली असली की आवाज स्वच्छ. सुकली की नुसती खरखर.

आणि बाहत्तरच्या दुष्काळात तर सगळंच सुकलं होतं.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दुपारच्या बातम्या ऐकू येईनात. मी विश्वनाथला निरोप धाडला. खडी फोडायच्या कामावरून तो भर उन्हात सायकल मारत आला. अंगभर धुरळा.

तो आमच्या घरात येत नसे. खरं लिहायचं तर आम्ही येऊ देत नव्हतो. मी आत बटण फिरवायचो आणि तो खिडकीबाहेर उभा राहून नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचा.

त्या दिवशी त्यानं सळईजवळची माती बोटानं उकरून पाहिली.

"अण्णा, अर्थिंगला वल न्हाय. तांब्याभर पाणी वता हितं. चार दिवसाला एकदा वतत जावा."

त्यांच्या बौद्धवाड्यातला आड कधीच आटला होता. तिथल्या बायका आमच्या विहिरीपाशी रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असायच्या, कुणीतरी वरून पाणी घालेल म्हणून. हे मला रोज दिसत होतं.

आईनं तांब्या आणून दिला. मी तो सळईवर ओतला.

मातीनं पाणी पिऊन टाकलं. विश्वनाथ बघत होता. मीही बघत होतो, पण मातीकडे.

आवाज एकदम खणखणीत लागला. अण्णा खूश. "पोरगं हुशार हाय," म्हणाले.

विश्वनाथनं बाहीनं तोंड पुसलं, सायकल घेतली आणि परत कामावर गेला. पाणी पितोस का, असं आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.

मला सुचलं नाही असं नाही, बरं का. सुचलं होतं. अण्णांसमोर धाडस झालं नाही.

पुढं तो दूध सोसायटीत चिकटला. ऐंशीच्या सुमारास टेपरेकॉर्डर आले आणि सकाळचं दूध संकलन उरकलं की सोसायटीच्या ओट्यावर आमचा अड्डा जमायचा. हेड कशानं पुसायचं, अडकलेली कॅसेट पेन्सिलीनं कशी फिरवायची, सेल उन्हात ठेवले तर अजून किती दिवस चालतील. सगळ्यांना सल्ला फुकट.

पण त्याचा एक नियम होता. कुणीही सेट घेऊन आला की तो आधी माठातून ग्लास भरायचा.

"आधी पाणी पी. बिघाड काय पळून चाललाय व्हय?"

ते पाणी मी दहा वर्षं प्यालो. प्रत्येक वेळी बोलायचं ठरवलं आणि प्रत्येक वेळी कॅसेटचंच काहीतरी विचारलं. एवढा भित्रा माणूस मी.

गेल्या महिन्यात फोनवर शेवटी बोललो. पन्नास वर्षांनी.

"विश्वनाथ, त्या दिवशी तुला पाणी विचारलं नाही रे आम्ही."

 

"व्हय," तो म्हणाला. "न्हाय विचारलं. लई तहान लागली हुती."

मग म्हणाला, "तुझ्या कानाच्या मशीनचा सेल बदल. रात्री झाकण उघडं ठिवत जा, जास्त दिवस टिकतंय."

'जाऊ दे' म्हणाला नाही. त्यानं तसं म्हणावं, ही माझी अपेक्षाच चुकीची होती.

दुपारी सास्तूरला पोचलो. दारात गर्दी होती. त्याच्या लेकीनं मला ओळखलं नाही. मी नाव सांगायच्या आत तिनं ग्लास पुढं केला.

"आधी पाणी घ्या, काका. लांबून आलासा."

रडून तिचे डोळे सुजले होते. तरी बापाचा नियम तिनं मोडला नाही.

मी ते पाणी उभ्यानं प्यालो आणि मग आत गेलो. त्याच्या लेकीच्या घरात मला कुणी अडवलं नाही.

विश्वनाथ, चुकलो रे आम्ही.

अखेरचा जयभीम.