पायलट, रेडिओ आणि पायाशी आलेला डॉल्फिन

इमारतीत तिला तोंडावर वहिनी म्हणतात आणि पाठ वळली की रेडिओ. नवरा ऑफिसच्या लोकांची ने-आण करणारी व्हॅन चालवतो, म्हणून तो पायलट. गेल्या काही महिन्यांपासून ही बाई रोज सकाळी वेणीफणी करून व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसायला लागली, तशी जिन्यात कुजबुज सुरू झाली. "पाळत ठेवतेय हो नवऱ्यावर! ऑफिसात कोणीतरी नवीन आली असणार." आता पायलटचं पोट आणि टक्कल बघता त्याच्यावर पाळत ठेवायला माणूस फारच रिकामटेकडा हवा. पण कुजबुजणारे इतका विचार कशाला करतील?

खरी गोष्ट अशी, की पायलटला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, ऑपरेशन होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. पण डोळ्यात काहीतरी खुपसणार म्हटल्यावर पायलट दवाखान्याच्या वाटेलाच जाईना. शिवाय आपण घरी बसलो तर व्हॅनवर दुसरा माणूस येईल, ही धास्ती होतीच. "पुढच्या महिन्यात करू" म्हणत तो दिवस ढकलत राहिला. मग नवरा-बायकोनं मिळून युक्ती काढली. तिनं शेजारी बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं नाही. "काय मेला हा लाल सिग्नल, संपतच नाही! अय्या, डावीकडच्या सायकलवाल्याचा शर्ट बघा!" मागच्यांना वाटायचं, बाईच्या जिभेला हाड नाही. पायलट मात्र त्या बडबडीवर गाडी हाकायचा. रोजचा रस्ता त्याला पाठ होता. उरलेलं ती पुरवायची.

असं सगळं बेमालूम चाललं असताना तळमजल्यावरच्या मुख्याध्यापक बाईंच्या डोक्यात डॉल्फिन शिरले. बाई निवृत्त झाल्या असल्या तरी वर्ग सुटला नव्हता. वर्ग म्हणजे आता अख्खी इमारत. लांबच्या एका किनाऱ्यावर मोकळ्या समुद्रातले डॉल्फिन अगदी गुडघाभर पाण्यात येतात, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं.

"पायलट, न्याल ना आम्हाला?"

रेडिओनं नवऱ्याच्या दंडाला असा चिमटा काढला की दुसरा असता तर किंचाळला असता. पण सगळी इमारत बघत होती.

"बाई, डोळे मिटून नेतो!" पायलट म्हणाला.

सगळे खो-खो हसले.

रविवारी सगळे व्हॅनमधून निघाले. रस्ता अनोळखी, वळणावळणाचा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. रेडिओ घसा कोरडा पडेपर्यंत बोलत होती. "केवढं हे वळण! पुन्हा वळण! आणि हा ट्रक तर आपल्याच अंगावर येतोय जणू!" मागच्या सीटवर बाईंना मळमळायला लागलं होतं.

"वहिनी, ट्रक आम्हालाही दिसतोय हो," त्या कण्हल्या. "जरा दम घ्या की!"

"बाई, मी गप्प बसले की मला उलटी होते," रेडिओ म्हणाली.

"आणि तुम्ही बोललात की मला होते, त्याचं काय?"

कसेबसे पोचले. किनाऱ्यावरच्या रखवालदारानं सगळ्यांना गुडघाभर पाण्यात ओळीनं उभं केलं. हलायचं नाही, हात लावायचा नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. तेवढ्यात बाईंना आपली टोपी आठवली. ती व्हॅनमध्ये राहिली होती, आणि आणायला कोण जाणार? पायाला चाकं असलेली रेडिओच.

टोपी घेऊन ती परतली तेव्हा वाळूवर पाय टाकताच थबकली. ओळीतले सगळे श्वास रोखून उभे होते. एक डॉल्फिन आला होता. करडा, गुळगुळीत, ओल्या रबरासारखा चकाकणारा. ओळीतल्या एकेकाला न्याहाळत तो सावकाश सरकत पायलटपाशी आला आणि तिथंच रेंगाळला. वाकून हात पुढे केला असता तर लागला असता, इतका जवळ.

"पायलट, दिसला का?" बाईंनी हळूच विचारलं.

पायलटनं कपाळावर आडवा हात धरला, क्षितिजाकडे बोट दाखवलं आणि ऐटीत म्हणाला, "तो काय, तिकडे! दोन आहेत!"

रखवालदाराची ताकीद विसरून सगळे हसत सुटले. काय नकला करतो हा माणूस! दुसऱ्या मजल्यावरची पार्लरवाली तर डोळे पुसायला लागली. सगळे हसताहेत म्हणून पायलटही हसला. डॉल्फिन वळला आणि निघून गेला. एकट्या रेडिओला हसू आलं नाही. टोपी तिच्या हातात चुरगळली होती.

परतताना ऊन तिरपं झालं होतं, थेट समोरून येणारं. अशा उन्हात पायलटला नुसता पांढरा धूर दिसतो, हे तिला ठाऊक होतं. ती घाईनं पुढचं दार उघडायला गेली, तर सीटवर बाई बसलेल्या. पट्टासुद्धा लावून.

"आता मी पुढे. मागे माझे हाल झाले."

"बाई, मला पुढेच बसावं लागतं हो."

"एक दिवस बसा की मागे! पाळत काय, तिथूनही ठेवता येते."

पुन्हा हशा. रेडिओनं नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बस गं मागे. कशाला तमाशा?" पण किल्ली लावताना त्याचा हात दोनदा चुकला, ते तिनं पाहिलं.

ती अगदी शेवटच्या सीटवर जाऊन बसली. पुढचं काही दिसेना, सगळी डोकीच. व्हॅन सुरू झाली, पायलटनं रिव्हर्स टाकला. रेडिओनं मागच्या काचेतून पाहिलं. व्हॅनच्या मागे एक बाप उकिडवा बसून मुलीच्या पायाची वाळू झटकत होता. व्हॅन त्यांच्याकडे सरकत होती.

"थांबा! अहो, थांबा!"

ब्रेक असा लागला की सगळे पुढच्या सीटवर आदळले. बाप मुलीला उचलून बाजूला पळाला आणि तिथून तोंडाला येईल ते बोलायला लागला.

"बघितलंत?" पायलट कोरड्या आवाजात म्हणाला. "गाडीपेक्षा बायकोचा ब्रेक भारी."

कोणीतरी हसलंही. तेवढ्यात रेडिओ मागून उतरली, वळसा घालून आली आणि तिनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा."

"अगं, घरी जाऊन बोलू."

"घरी जायचंय म्हणूनच म्हणतेय. उतरा."

"लोक बघताहेत," तो पुटपुटला. त्याच्या टकलावर घाम डवरला होता.

"बघू देत. बाई, यांना दिसत नाही. सकाळीही दिसत नव्हतं. तो डॉल्फिन यांच्या पायाशी होता, हे नक्कल करत नव्हते. मी पुढे बसून बोलते, त्यावर गाडी चालते. माझी पण चूक आहे. तुम्हा सगळ्यांना मी जाणूनबुजून आणलं इथवर."

आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना कोणाला रागवावं ते सुचेना. शेवटी त्यांनी पट्टा सोडला. "गाडी कोणाला येते?"

पार्लरवालीनं कचरत हात वर केला. तिला पायलटनंच शिकवलं होतं, आणि लायसन्स पर्समध्ये होतं. ती स्टीअरिंगवर बसली आणि बैलगाडीच्या वेगानं निघाली. उद्या ऑफिसला सांगावंच लागणार होतं, हे आता झाकून राहणार नव्हतं.

पायलट मागे बायकोशेजारी मान खाली घालून बसला होता. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "खरंच पायाशी होता?"

"होता."

"थोबाड कसं होतं?"

"हसल्यासारखं. तुमच्या पँटवर पाणी उडालं ना, ते त्यानं श्वास सोडला तेव्हाचं."

"मला वाटलं, लाट."

त्यानं वाकून पँटची कड चाचपली. अजून ओली होती. मग म्हणाला, "सुई देतात का गं आधी? दुखत नाही ना?"

"थेंब टाकतात. डोळा बधिर होतो."

"तू आत येशील?"

"आत येऊ देत नाहीत."

तो म्हणाला, "दाराशी थांब. मोठ्यानं बोलत राहा."