चंद्रावरचं काजळ

माझी जीभ आधी चालते आणि डोकं मागून येतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाई तर तोंडावर म्हणायच्या. एरवी त्यानं कुणाचं फारसं बिघडलं नाही, पण एका पोरीची शाळा मात्र माझ्या जिभेनं सोडवली.

नव्वदच्या आगेमागे मी वडीगोद्रीजवळच्या एका लहान गावात शिकवत होते. शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी पोरांना वडीगोद्रीला जावं लागायचं.

एकदा सातवीच्या पोरांना ओढ्यावर नेलं. लोहचुंबकाला कागद गुंडाळून वाळूतून फिरवला की काळे बारीक कण ताठ उभे राहतात. पोरं हरखली, आणि मलाही चेव आला. मासिकात वाचलेली चंद्राची माती मी बाहेर काढली. आपला काळा दगड आणि चंद्रावरचे काळे डाग, दोन्ही लाव्हाचेच, असं सांगितलं. तिथं हवा नाही, त्यामुळे वाळूच्या कणाएवढा खडा आकाशातून आला तरी असा आदळतो की माती उकळते. वरच्या मातीत कणाकणाला चिकटलेलं, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं बारीक, शुद्ध लोखंड असतं. हेही सांगितलं.

"ते कुठून आलं, बाई?"

विचारणारी पोर पहिल्या बाकावरची, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. बाप आता शेती करायचा, तरी दारात दहाबारा मेंढरं होतीच.

"उल्कांमधून. वरून पडतं," मी ठोकून दिलं. खरं तर मासिकात तेवढं लिहिलंच नव्हतं.

"वरून पडलं तर सुटं राह्यलं असतं. चिकटलं कसं मंग?" तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "माती उकळते, तुम्हीच म्हणल्या. तिचीच वाफ होत असल, अन् बाजूच्या कणावर धरत असल. दिव्यावर ताटली धरली की काजळ धरतं, तसं."

"चंद्रावर दिवा लावून कोण बसलंय गं? तुझी आजी?"

वर्ग खो-खो हसला. ती हसली नाही. पुढं वहीतही तिनं काजळच लिहिलं, आणि मी त्यावर लाल शाईची फुली मारली. सातवीतली पोर मला शिकवते म्हणजे काय! फार राग आला होता मला.

त्याच आठवड्यात तिचा बाप शाळेत आला. पायताण बाहेर काढून दारातच उभा राहिला.

"बाई, पोरीला आठवीला धाडावं का? जीपचा खर्चा करीन मी. तुम्ही म्हणाल तसं."

तिची वही माझ्यासमोरच उघडी होती. "डोकं आहे हो," मी म्हणाले, "पण ऐकत नाही. आपलंच खरं करते."

"बिलकुल ऐकत न्हाई?"

"बिलकुल नाही."

त्यानं मान हलवली आणि गेला. जूनमध्ये कळलं, पोर मेंढरांमागं जाते. दोन वर्षांनी तिचं लग्नही झालं. बापालाच शिकवायचं नसेल, असं म्हणून मी मनातून विषय काढून टाकला.

पुढं माझी बदली परतूरला झाली. दहाबारा वर्षांनी तिथल्या वाचनालयात एक विज्ञानाचं मासिक चाळत होते, आणि एका पानावर अडकले. चंद्रावर बारीक खडे आदळतात, तेव्हा मातीची वाफ होते. त्या वाफेत खनिजांतला ऑक्सिजन निसटतो आणि लोखंड मोकळं होतं. मग ती वाफ शेजारच्या कणांवर बसते, आणि तिच्या पातळ थरात लोखंडाचे अतिशय सूक्ष्म दाणे तयार होतात. सूर्याकडून येणाऱ्या कणांचाही या कामात हात असतो. त्या दाण्यांनीच जुनी माती काळपट पडते. थोडं लोखंड उल्कांमधूनही येतं, पण हे चिकटलेलं तिथंच घडतं.

"अगं बाई!" मी मोठ्यानं म्हणाले. वाचनालयातली माणसं माझ्याकडं बघायला लागली. काजळ आणि लोखंड वेगळं, हे मलाही कळत होतं. पण धरण्याची रीत तीच होती, आणि ती पोरीनं ओढ्याकाठी बसून ओळखली होती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

रविवारी एसटी पकडून मी त्या गावाला गेले. तिचं सासर कुठं ते विचारावं म्हणून बापाच्या घरी गेले, तर पोर बाळंतपणाला माहेरीच आलेली. ओसरीत दिव्यावर ताटली उपडी धरून बाळासाठी काजळ पाडत होती. मला बघून उठायला लागली, तसं मीच तिला बसवलं आणि तिच्याशेजारी खाली टेकले.

"तुझं बरोबर होतं," म्हणाले, आणि मासिकात वाचलेलं सगळं सांगितलं. तिनं ताटली न हलवता ऐकलं.

"मला ठावं होतं, बाई. सुटं न्हाई म्हणल्यावर दुसरं काय असणार?" मग तिनं बाजेकडं मान केली. "हे त्यांना सांगा."

बाजेवर बाप बसला होता. आता म्हातारा झाला होता. मी उठून त्याच्यासमोर गेले. "तुमची पोर बरोबर होती. मीच चुकले. ऐकत नव्हती ती पोर नव्हे, मी होते."

चंद्राचं त्याला काय कळलं असेल, कोण जाणे. त्यानं पोरीकडं बघितलं.

"मी तर इचारायलाच आल्तो, बाई," तो म्हणाला.