चौकटीतली रिकामी खाच

मंगळवारी सकाळी मी विश्रांतवाडीच्या साइटवर पोचले तेव्हा मुख्य दाराची चौकट उभी दिसली. बरं वाटलं. स्कूटर स्टँडला लावून जवळ गेले आणि चौकटीच्या कडेवरून हात फिरवला. चौकट उलटी बसली होती.

उलटी म्हणजे खालची बाजू वर अशी नव्हे. दाराच्या चौकटीला एका अंगाला खाच असते, अर्धा इंच खोल आणि दीड इंच रुंद. दार लावलं की त्याची कड या खाचेत येऊन टेकते. खाच ज्या बाजूला, त्या बाजूला दार उघडतं. घराचं मुख्य दार आत उघडायचं, म्हणून खाच आतल्या अंगाला हवी. इथे ती रस्त्याकडे तोंड करून होती. चौकटीच्या पाठीला होल्डफास्ट नावाच्या लोखंडी पट्ट्या असतात, त्या भिंतीत काँक्रीटमध्ये गाडतात. त्या शनिवारीच गाडून झाल्या होत्या. हाताने चौकट हलवून पाहिली. कामाला नावं ठेवायला जागा नव्हती, इतकी ती घट्ट होती.

मी सिव्हिल इंजिनियर. स्वतःच्या प्लॉटवर स्वतःचं घर बांधणाऱ्यांची कामं मी पंचवीस वर्षं केली. बिल्डरला कधीच वेळ नसतो. स्वतःचं घर बांधणारा निवृत्त माणूस असेल तर त्याच्याकडे वेळच वेळ असतो. पानसे सर तसे होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, सगळा संसार नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत केलेला. पेठेतला त्यांचा चित्रकलेचा क्लास मात्र चालूच होता आणि नव्या घरी गेल्यावरही ते रोज तिथे जाणार होते.

घराच्या पायाला लागले नाहीत इतके दिवस आम्हाला बाहेरची तीन दारं ठरवायला लागले. मागचं दार पश्चिमेला, म्हणजे पावसाचा थेट मारा. सरांना तिथेही सागवानावर नक्षी हवी होती. मी म्हटलं, या दारातून कचऱ्याची बादली जाणार, तिला नक्षीचं काय कौतुक. तेव्हा कुठे वॉटरप्रूफ फ्लश डोअरवर आले. फ्लश डोअर म्हणजे आत लाकडाचं भरीव अंग आणि दोन्हीकडून पाण्यात टिकणारं प्लायवूड. गच्चीला लोखंडी दार ठरलं. पुढच्या दाराबद्दल मात्र सरांनी कुणाचं ऐकलं नाही. त्यांनी ते वॉटरकलरमध्ये रंगवूनच आणलं होतं. सागवान, सहा चौकोन, मधे पितळी कडी. चित्र सुंदर होतं यात वाद नाही.

वखारीत लाकूड पाहायला गेलो होतो तेव्हा पानसे काकूही आल्या होत्या. पिशवी सांभाळत बाजूला उभ्या होत्या. दोन तासांत त्या एकदाच बोलल्या. बाहेरून एक जाळीचं दार बसवलं तर, असं त्यांनी विचारलं.

"पिंजऱ्यात पोपट राहतात," सर म्हणाले.

मी हसले आणि वहीत लिहिलं, सेफ्टी डोअर नको. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी चौकट बसवायचा मुहूर्त होता. आधी दुपारचा निघाला होता, मग गुरुजींनी सकाळचा काढला. मी त्या वेळी कात्रजच्या एका साइटवर स्लॅबवर उभी होते. स्लॅबचं काँक्रीट सुरू झालं की इंजिनियरला हलता येत नाही, आणि मोबाईल तर तेव्हा नव्हतेच. मला निरोप मिळाला तो संध्याकाळी. चौकट बसली, पेढे ठेवलेत.

मारुती गवंडी तिथेच विटा भिजवत होता. त्याला विचारलं, ही अशी कशी बसवलीस?

"म्या इचारलं व्हतं सरांना," मारुती म्हणाला. "वैनींनी हळदकुंकू लावलं ती बाजू आतली हाय म्हनलं. सर म्हनले, कुंकू बाहेरनं दिसाय पायजे. मग काय करनार?"

झालं होतं ते असं. पूजेच्या वेळी चौकट जमिनीवर आडवी होती, खाच वरच्या अंगाला. काकूंनी जी बाजू समोर आली तिला हळदकुंकू लावलं, वर आंब्याच्या पानांचा टाळा आणि तांदळाची पुरचुंडी बांधली. सरांच्या डोळ्यांपुढे त्यांचं चित्र होतं. चित्रात कुंकू रस्त्यावरूनच दिसणार. मारुतीला बरोबर काय ते ठाऊक होतं, पण मुहूर्ताच्या गडबडीत मालकाशी वाद घालायचं त्याला काय पडलं होतं?

आता तुम्ही म्हणाल, उघडू दे की दार बाहेर. पण बाहेर अडीच फुटांचा कट्टा आणि लगेच पायऱ्या. पाहुणा बेल वाजवून उभा राहणार आणि दार त्याच्याच अंगावर येणार. म्हातारं माणूस असेल तर सरळ पायऱ्यांवर. शिवाय बिजागऱ्या बाहेर आल्या की चोराला कुलूप तोडायचीही गरज नाही, बिजागरीतला खिळा ठोकून काढला की काम झालं. म्हणजे हे चालवून घेण्यासारखं नव्हतं.

मारुतीकडे उपाय तयार होता. आज चौकट काढतो, उद्या फिरवून बसवतो, हळदकुंकू दुसऱ्या बाजूला लावून टाकू, टाळा परत बांधू. सर मंडळी आता रविवारशिवाय येणार नाहीत. कुणाला काय कळतंय?

खरं सांगते, मला ते पटलं होतं. निदान अर्धा तास पटलं होतं. कारण शनिवारी रात्री काकूंचा माझ्या घरी फोन आला होता. सगळं छान झालं म्हणाल्या, आणि बसवलेली चौकट आता हलवायची नसते बरं का, असंही म्हणाल्या. या बाईंना पेठ सोडायचं मुळातच जिवावर आलेलं होतं. चौकट उलटी म्हटल्यावर त्या हे घरच अशुभ धरून बसतील, आणि सरांनी आयुष्यभर वाट पाहिलेल्या घरात त्या पायही ठेवणार नाहीत, अशी मला धास्ती वाटली. आणि चूक कुणाची? साइटवर मी नव्हते. त्यासाठीच तर मला नेमलेलं होतं.

चौकट रशीदभाईंनी केलेली. त्यांच्या तीन पिढ्या पुण्यात सुतारकाम करत आल्या. पेठांमधल्या निम्म्या घरांना यांच्या आजोबांची दारं असतील. मी तशीच त्यांच्या कारखान्यात गेले आणि सगळं सांगितलं. मारुतीचा उपायही सांगितला. त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला.

"काढता येईल, मॅडम," ते म्हणाले. "पण ज्यांनी कुंकू लावलंय त्यांना आधी विचारा. त्या घरात त्यांना राहायचंय, आपल्याला नाही."

मी म्हटलं, आणि त्या नाही म्हणाल्या तर?

"तर आहे तिथेच उभ्या चौकटीला आतून दुसरी खाच पाडून देईन. पाच इंचाचं सागवान आहे. बाहेर दीड गेलं, आत दीड गेलं, मधे दोन उरतात. पटाशीने हळूहळू करावं लागेल, दोन दिवस जातील. पण होईल."

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. तरी सांगायचं बाकी होतंच. त्याच दुपारी रशीदभाईंना घेऊन मी नारायण पेठेत गेले.

जिना चढून गॅलरीत आलो तर काकू दारातच बसलेल्या. दार सताड उघडं, मांडीवर मेथीची जुडी, आणि समोरच्या बाईंशी गप्पा चाललेल्या. गॅलरीतून जाणारा प्रत्येक माणूस एक वाक्य बोलूनच पुढे जात होता. मी या घरी पाच-सहा वेळा आले असेन. दर वेळी काकू तिथेच होत्या आणि दर वेळी मी त्यांना ओलांडून आत सरांकडे गेले होते.

आत बसलो. चहा आला. मी घडलं ते सरळ सांगून टाकलं. चौकट उलटी बसली आहे, मी साइटवर असते तर बसली नसती, म्हणून जबाबदारी माझी. सरांनी काय सांगितलं होतं ते मी गाळणार होते. पण सर स्वतःच म्हणाले की कुंकू बाहेर ठेवायला मीच सांगितलं. मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे इंजिनियर तुम्ही, आणि चौकट बसवली चित्रकलेच्या मास्तराने. छान."

मी काकूंकडे पाहिलं. रडतील, चिडतील, काय करतील सांगता येत नव्हतं. त्या हातातली मेथी तशीच धरून बसल्या होत्या.

"चौकट काढायची नाही," त्या म्हणाल्या.

नाही काढायची, मी म्हटलं. आणि रशीदभाईंनी दुसऱ्या खाचेचं समजावून सांगितलं. बोटांनी हवेत चौकट काढून दाखवली. ही बाहेरची खाच, ही आतली नवी. दार आतल्या खाचेत बसेल आणि आतच उघडेल.

काकूंनी ते नीट ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "मग ती बाहेरची खाच रिकामीच राहणार?"

हो, मी म्हटलं.

"त्यात जाळीचं दार बसेल?"

सरांनी तोंड उघडलं, पण या वेळी काकू थांबल्या नाहीत. "तुमचं काय, तुम्ही सकाळी क्लासला जाल ते संध्याकाळी याल. तिथे आसपास तीनच घरं. मी दिवसभर दार लावून अंधारात बसू, की उघडं टाकून घाबरत बसू? एवढं सांगा मला."

मला एकदम लख्ख कळलं की दोन महिने आम्ही वेगवेगळ्या दारांबद्दल बोलत होतो. सरांच्या चित्रातलं दार बंद होतं, कारण चित्र रस्त्यावरून काढलेलं होतं. काकूंच्या डोक्यातलं दार उघडं होतं आणि त्या त्याच्या आत बसलेल्या होत्या. मी बाई असून मला हे सुचू नये याचा राग आला. वखारीत त्या बोलल्या होत्या, आणि मी हसून वहीत नको असं लिहिलं होतं.

सरांनी चष्मा पुसला. हरलो म्हणायची त्यांना सवय नव्हती. शेवटी रशीदभाईंना म्हणाले, "रिकामी खाच फार वाईट दिसेल, नाही का हो?"

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं.

"वाईटच दिसेल, सर," रशीदभाई म्हणाले.

"मग बसवा जाळी. पण डिझाइन माझं."

काकू उठल्या आणि आम्हाला आणखी एकेक कप चहा आणला. या वेळी साखर जरा जास्त होती. जिना उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं की रशीदभाईंना मी स्कूटरवर सोडते म्हणाले. त्यांनी माझं ड्रायव्हिंग पाहिलेलं होतं, त्यांनी बस धरली.

रशीदभाईंनी दोन दिवस सांगितले होते, तीन लागले. उभ्या चौकटीत, पटाशी आणि हातोडी घेऊन, वरच्या कोपऱ्यांत स्टुलावर उभं राहून त्यांनी खाच पाडली. हळदकुंकवाला धक्का लागू दिला नाही. टाळासुद्धा वाळून गेला तरी जागच्या जागी होता. सरांनी जाळीची तीन डिझाइनं काढली, एकात दोन मोर होते. जाळीवाल्याने तिन्ही पाहून हात जोडले. शेवटी सागवानी चौकटीत साध्या उभ्या गजांची जाळी झाली आणि सहा चौकोनांच्या दाराला ती शोभलीसुद्धा. ती बाहेर उघडायची, पण गजांतून पायरीवरचा माणूस दिसतो, तेव्हा कुणाच्या अंगावर येण्याची भीती नव्हती, आणि चोरासाठी आतलं दार होतंच. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, डबल दाराची कल्पना मूळची आमची.

वास्तुशांतीनंतर आठवड्याभराने मी आणि रशीदभाई शेवटची पाहणी करायला गेलो. सकाळची अकराची वेळ. आतलं दार सताड उघडं, जाळीला आतून कडी. काकू जाळीच्या आत पाटावर बसून शेंगा सोलत होत्या आणि पायरीवर टोपली टेकवून एक भाजीवाली बसली होती. कोथिंबिरीच्या भावावरून दोघींची घासाघीस चालली होती. आम्हाला पाहून काकूंनी कडी काढली, ते बोलणं न थांबवताच. त्या बाईंना त्या घरात तसं बसलेलं पाहून मला जे वाटलं, ते कुठल्या बिलाने कधी वाटलं नाही.

परत निघताना फाटकाशी रशीदभाई म्हणाले, "मॅडम, ती बाहेरची खाच पट्टी मारून बुजवता आली असती. अर्ध्या दिवसाचं काम. पॉलिश केल्यावर दिसलीही नसती."

"ठाऊक आहे मला."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"मला सरांनी एवढंच विचारलं, वाईट दिसेल का," रशीदभाई म्हणाले. "बुजवता येईल का, असं कुठे विचारलं?"

चौकट उलटी बसली हे कबूल करायला ज्या दुपारी मी जीव मुठीत धरून गेले, त्याच दुपारी मी दुसरी एक गोष्ट गिळून बसले. पहिलीचं मला समाधान आहे. दुसरीचाही पश्चात्ताप होत नाही, काय करू?

त्यानंतर बाहेरचं दार ठरवायला कुणी आलं की मी लाकडाचं आधी विचारत नाही. दिवसभर घरात कोण असतं ते विचारते, आणि उत्तर त्याच माणसाच्या तोंडून घेते. मधेच नवरा बोलायला लागला, तर त्याच्या हातात मागच्या दाराचे नमुने देते.